आर्गॉनचा ‘आ’

मला गाणं आवडतं हे मला लातूरला गेल्यावर कळलं, आणि तेही केमिस्ट्रीच्या अभ्यासात. त्याआधी नांदेडला आमच्या घरात गाणं औषधासारखं असायचं, ठरल्या वेळी आणि ठरल्या मापात. सकाळी रेडिओवर भक्तिगीतं लागत, ती संपली की बातम्या, आणि बातम्या संपल्या की दादा, म्हणजे माझे वडील, रेडिओवर आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण घालून टाकत. दादा एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि शाळेची घंटा त्यांच्या अंगात मुरली होती. शेजारून सिनेमाचं गाणं ऐकू आलं तर ते आईकडे अशा नजरेनं बघत, जणू तिनंच ते म्हटलंय. पहाटे गुरुद्वाऱ्याकडून वाऱ्यावर कीर्तन यायचं तेव्हा मात्र त्यांची मान आपोआप डुलायची. कुणी बघतंय असं दिसलं की ते मान अवघडल्यासारखी दोन्हीकडे मोडून दाखवत.

दहावीला मार्क बरे पडले आणि गल्लीतल्या प्रत्येकाला माझी फिकीर लागली. त्या काळात मराठवाड्यात हुशार लेकरावर एकच इलाज होता, लातूर. देगलूरहून, उमरीहून, पार बिदरकडच्या खेड्यांतून पोरं गाद्या आणि पत्र्याच्या पेट्या घेऊन लातूरला उतरत होती. भूकंप होऊन तेव्हा वर्षही नीट सरलं नव्हतं. आई रडायला लागली. "तिथली माणसं जीव मुठीत घेऊन ऱ्हायलीत, अन् तुम्ही पोरगी तिथंच धाडून राहिलात?" दादांनी पेपरची घडी केली आणि म्हणाले, "भूकंप काय, कुठंबी येतो. ॲडमिशन कुठंबी मिळत न्हाई." आईनं डोळे पुसले आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली.

मी राहणार होते गणपतमामाकडे, म्हणजे आईच्या धाकट्या भावाकडे. त्याच्या घराला दोन खोल्या होत्या, एक स्लॅबची आणि एक पत्र्याची. पूर्वी स्लॅबची खोली माणसांची आणि पत्र्याची सामानाची होती. भूकंपात स्लॅबला कोपऱ्यातून एक भेग गेली, तेव्हापासून अदलाबदल झाली. आता आम्ही पत्र्याखाली आणि ज्वारीची पोती स्लॅबखाली. "पोत्याला काय हुतंय," मामी म्हणायची. दारं कधी आतून लावायची नाहीत, चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या आणि मांडणीवरची भांडी जराशी किणकिणली तरी आधी बाहेर जायचं, मग विचार करायचा, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं. तेव्हा सगळं लातूर असंच राहत होतं. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

मामा ड्रायव्हर होता. भूकंपानंतर बाहेरदेशातले लोक घरं बांधायला आले, त्यांच्यातल्या एका तुकडीच्या जीपवर तो लागला. त्या तुकडीत इटलीचा एक इंजिनिअर होता, लाल दाढीचा आणि दारात मावणार नाही एवढा. त्याचं नाव मामाला शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मामा त्याला बुरनूसाहेब म्हणायचा आणि साहेब ओ द्यायचा. हा साहेब जीपमध्ये बसला की गायचा. औसा मागं पडलं की सुरू, ते कामाचं गाव आलं तरी चालूच. "पहिल्या दिवशी मला वाटलं साहेबाच्या पोटात कळ निघाली," मामा सांगायचा. "मी कायबी न इचारता जीप दवाखान्याकडं वळिवली." दवाखान्याच्या दारात साहेब उतरला, त्याला वाटलं ही पाहणीच आहे, म्हणून त्यानं सगळ्या नर्सांशी हात मिळवले, खाटा मोजल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि परत येऊन उरलेलं गाणं पुरं केलं.

एक गोष्ट सांगताना मात्र मामा हसत नसे. एका गावात दगडांच्या ढिगाऱ्यापाशी साहेब उभा राहिला आणि गायला लागला. शेडमधून लेकरं बाहेर आली. त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग एकेक हसायला लागलं. मामा पुढं होऊन साहेबाला थांबवणार होता, तर एक म्हातारी म्हणाली, "गाऊ दे त्याला. लेकरं हासून राहिलीत." एवढंच सांगून मामा बिडी पेटवायचा.

जाताना साहेबानं आपला टेपरेकॉर्डर मामाला दिला. दोन अंगांना दोन स्पीकर, मधे कॅसेटचं दार, उचलायला दोन माणसं. सोबत तीन कॅसेटी साहेबाच्या देशातल्या आणि दोन त्यांच्यातल्याच एका अमेरिकन सुताराच्या. ऑपेरा आणि कंट्री हे शब्द मला पुष्कळ पुढं कळले. आमच्या घरी त्यांची नावं होती ‘इटलीचं’ आणि ‘सुताराचं’.

सकाळी सहाला इटलीचं लागायचं. मामी चुलीवर पाणी ठेवत असायची, मी पांघरुणात डोकं खुपसून पडलेली असायचे आणि पत्र्याची खोली कॅसेटमधल्या बाईच्या आवाजानं फुगल्यासारखी वाटायची. पहिले आठ दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लासची पोरं रस्त्यानं जातात, त्यांना काय वाटेल म्हणून मी उठून खिडकी लावायची आणि मामा उठून उघडायचा. "आगं, बंद केल्यावर तिला दम लागंल की," तो म्हणायचा. त्याला एक शब्द कळत नव्हता, पण गोष्ट सगळी कळत होती. आवाज चढला की तो हात वर करून मला थांबवायचा.

"हां, आता ऐक, शके. ही बाई जावंला म्हणून राहिली, माझी पितळंची परात नेलीस ती आणून दे. जाऊ म्हणती, मी नेलीच न्हाई. आता ह्यो जाड आवाज आला का, ह्यो बाईचा नवरा. त्यो म्हणतो, भांडू नका गं, परात मीच मोडीत घातली."

मग एकदम वीस-पंचवीस माणसं गायला लागत.

"आन् आता?" मी पांघरुणातून विचारायचे.

"आता सगळं गाव गोळा झालं."

पुढं मी अशा पुष्कळ ऑपेरांच्या खऱ्या गोष्टी वाचल्या. त्यांत परात कुठंही नाही, पण गाव शेवटी गोळा होतंच. मामाचा अंदाज फार चुकला असं मला आजही म्हणवत नाही.

मामीला सुताराचं आवडायचं. सुताराची कॅसेट भाकरी थापताना लागायची. त्या माणसाचा आवाज जरा नाकातला, गिटार आपली एका चालीनं चाललेली, आणि मामीचा हात बरोबर त्या ठेक्यावर परातीत पडायचा. गाणं संथ असलं की भाकरी मोठी व्हायची. "इटलीची बाई म्हंजी पुरणपोळी," मामी म्हणायची, "सणाला बरी. रोज रोज कोण खाईल? ह्यो माणूस पिठलं-भाकरीतला." एकदा तिनं मामाला विचारलं की हा एवढा का उदास आहे. मामानं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ह्याची बायको माहेराला गेली. कुत्रं बी तिच्यासंगं गेलं."

"गेली असंल," मामी भाकरी उलटवत म्हणाली. "ह्यानं बी सकाळी सहाला टेप लावला असंल."

भिंतीपलीकडे नूरबी खाला राहायच्या. त्या गाद्या-रजया शिवायच्या, त्यांचे मालक गंजगोलाईच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या विकायचे. क्लासच्या पोरांमुळे दोघांनाही उसंत नव्हती. खाला मांडीवर रजई घेऊन आमच्या भिंतीला टेकून बसायच्या आणि हाक मारायच्या, "अगे शकू, वो रोनेवाली कू लगा ना." मी म्हणायची, खाला, ती रडत नाहीय, जावेशी भांडतेय. "नै गे," खाला दोरा दातानं तोडत म्हणायच्या, "कायकू रोती मालूम नै, पन दिल से रोती." आणि स्वतःही पदरानं डोळे टिपायच्या. त्या महिन्यातल्या रजयांचे टाके जरा वाकडे आहेत, असं त्यांचे मालक म्हणत.

मी कधी बदलले ते सांगता येत नाही. एक दिवस मी नळावर बादली भरताना गुणगुणत होते आणि मामी हसली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग लाज वाटेनाशी झाली. शाळेत कुणी मला सुरात गा म्हटलं नव्हतं, आणि इथं बंद तोंडानं का होईना, मी त्या बाईच्या मागं मागं चढत होते. आज माझ्या मोबाईलमध्ये जगभरचं गाणं आहे, नुसतं बोट लावायचं. पण तसं चढायला मला अजून कांदा परतल्याचा वास आणि खरखरणारी कॅसेट लागते. लेक म्हणते, आई, तुला गाणं नको, फोडणी पाहिजे.

आता क्लासबद्दल सांगते. आमचा क्लास एका बंद पडलेल्या दालमिलच्या शेडमध्ये भरायचा. लांबच लांब पत्र्याचं शेड, दोन-अडीचशे पोरं, एकच दार, आणि पार टोकाला माईक धरून मिटकरी सर. सर केमिस्ट्री शिकवायचे आणि उत्तम शिकवायचे, हे आधी सांगून टाकते. एवढ्या पोरांची नावं लक्षात राहत नाहीत म्हणून ते गावाच्या नावानं हाक मारायचे. "ए देगलूर, जागा आहेस का? ए उमरी, खिडकीबाहेर काय ऑक्सिजन बघून राहिलास?" मी अर्थात नांदेड. सरांचा नियम होता की आवर्तसारणीतली पहिली वीस मूलद्रव्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता आली पाहिजेत. मला जागेपणीही येत नव्हती. फ्लोरीनपाशी मी दर वेळी अडकायची. पाठ करून करून जीभ सोलली तरी फ्लोरीनच्या पुढं अंधार.

एका सकाळी इटलीचं चालू होतं, माझ्या हातात वही होती, आणि आपोआप त्या बाईच्या चालीवर माझी मूलद्रव्यं बसली. हायड्रोजन आणि हेलियम ती जावेशी गोडीनं बोलते त्या भागात. नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन तिचा राग चढतो त्यात. तिथून निऑनची उडी, सोडियमपासून पायऱ्या पायऱ्यांनी वर, आणि शेवटी जिथं ती बाई एकाच सुरावर इतका वेळ थांबते की मामा घड्याळ बघायचा, तिथं बरोबर आर्गॉन. आर्गॉनचा ‘आ’ त्यासाठीच केलाय असं वाटावं. पोटॅशियम आणि कॅल्शियम म्हणजे नुसतं दम टाकत घरी येणं. मी तीन वेळा म्हटलं, तिन्ही वेळा वीसच्या वीस आले. मामीनं खूश होऊन मला चुरमुऱ्यांचा सुशीला जास्तीचा वाढला. फक्त एक घोटाळा झाला होता, तो मला क्लासमध्ये कळला. आता ती मूलद्रव्यं मला चालीशिवाय म्हणताच येईनात.

"ए नांदेड, ऊठ. वीस म्हण."

मी उठले. "हायड्रोजन," म्हटलं आणि पुढचं काही येईना. सर माईकमधून वाट बघत होते, त्यांचा श्वास शेडभर ऐकू येत होता. "हेलियम नावाचा एक वायू असतो," सर म्हणाले आणि अडीचशे पोरं हसली. मग माझ्यात काय शिरलं कोण जाणे. मी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आधी हळू. ऑक्सिजनपर्यंत मला कुणाचंच भान राहिलं नाही. निऑनची उडी छान जमली. सोडियम, मॅग्नेशियम करत मी चढत गेले आणि आर्गॉनचा ‘आ’ धरला, घरात कधी धरला नव्हता इतक्या जोरानं.

आणि जमीन हलली.

खूप नाही. भरलेला ट्रक अगदी भिंतीला घासून गेल्यासारखा आवाज झाला, पत्रे खडखडले, दिव्यांच्या वायरी झुलायला लागल्या आणि टेबलावरचा खडू गडगडत खाली पडला. त्या वर्षी असे बारके धक्के येतच होते. कुणीतरी ओरडलं आणि अडीचशे पोरं त्या एका दारातून कशी बाहेर गेली ते मला अजून कळत नाही. सर सगळ्यांच्या पुढं होते. त्यांच्या हातात माईक तसाच होता, माईकमागं वायर आणि वायरीमागं अँप्लिफायर फरफटत मैदानापर्यंत आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही एकमेकांच्या चपला घालून उन्हात उभे होतो. उदगीरचा एक पोरगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आदी ही वरडली. मग हाललं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणायला हवं होतं की बाबा, मी ओरडले नाही, गात होते, आणि दोन्ही एकदमच झालं. पण आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझ्याकडे अशी बघत होती, आणि मी सोळा वर्षांची होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, दुसऱ्या दिवशी गंजगोलाईत. नांदेडच्या पोरीला भूकंप आधी कळतो. मामानं तर शंकाच घेतली नाही. "कुत्र्याला कळतं, कावळ्याला कळतं, मग माझ्या भाचीला कामून कळू नये?" खाला भिंतीवरून म्हणाल्या, "अल्लानं इसकू कान दिये, बाबा." माणसं यायला लागली. कुणी विचारायचं, नवी भिंत बांधू का, कुणी म्हणायचं, लग्नाचा मांडव घालायचाय, कसं करू. मामी सगळ्यांना चहा करून करून बेजार झाली. एकदा मी न्हाणीघरात विसरून गुणगुणले, तर बाहेर धावपळीचा आवाज आला. केस निथळत दार किलकिलं करून बघितलं तर आख्खी गल्ली रस्त्यावर उभी होती, कुणाच्या काखेत लेकरू, कुणाच्या हातात दुधाचं पातेलं, खाला अर्धी रजई ओढत. त्यानंतर मामीनं मला गाण्याची बंदी केली. इटलीचंही बंद झालं, कारण लांबून ऐकणाऱ्याला ती बाई कोण आणि मी कोण हे कळत नसे. घरात फक्त सुतार उरला.

खरं सांगायचं तर मलासुद्धा थोडं थोडं खरं वाटायला लागलं होतं. मी एकटी असताना जमिनीला कान लावून बघायची. एकदा तसं करताना मामीनं पाहिलं आणि तीही शेजारी ओणवी झाली. "काय म्हणती?" तिनं दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. "बरं हाय," मामी म्हणाली आणि गुडघे धरत उठली.

दादांना नांदेडला कुणीतरी सांगितलं. त्यांचं पत्र आलं, ऑफिसच्या पत्रासारखं, वर विषय लिहिलेला. विषय: अभ्यास व गायन. आत लिहिलं होतं की गाण्यानं मार्क पडत असतील तर हरकत नाही, परंतु दिवाळीत घरी आल्यावर मनातल्या मनात गावे.

हे सगळं इथंच विरलं असतं, पण मिटकरी सरांनी हँडबिल छापलं. नव्या बॅचसाठी सगळेच क्लासवाले हँडबिलं वाटायचे, पेपरात रोज चार-पाच निघायची. सरांच्या हँडबिलावर निकाल होता, अनुभवी मार्गदर्शन होतं, आणि खाली ठळक अक्षरात होतं, ‘भूकंपाची पूर्वसूचना मिळण्याची सोय’. ती सोय म्हणजे मी. रविवारी सकाळी पालकांची सभा होती. सरांनी मला घरी येऊन सांगितलं, "नांदेड, तू फक्त स्टेजवर बस. कुणी विचारलं तर म्हण, यंदा काही भीती नाही. लोकांच्या मनाला तेवढाच धीर."

सभेला शेड भरलं होतं. पुढच्या ओळीत मामा इस्त्रीचा सदरा घालून, मामी, आणि पदर सावरत खाला. मी स्टेजवर खुर्चीत, गळ्यात सरांनी घातलेला हार. हार ओला होता आणि त्यात एक मुंगी होती. सर बोलत होते, लोक मान डोलवत होते, आणि मी पाठ केलेलं वाक्य तोंडात घोळवत होते, यंदा काही भीती नाही, यंदा काही भीती नाही.

मधल्या रांगेतून एक माणूस उठला. पांढरा पटका, धोतर, शेजारी माझ्याच वयाची पोरगी, दोन वेण्यांची. तो सरांकडे बघतच नव्हता.

"पोरी," तो मला म्हणाला, "आमी किल्लारीकडचे. घरातली आता आमी दोघंच हाव. ही हुशार हाय, सगळे म्हणत्यात लातूरला ठेव. मला धीर हुईना. तुला कळतं म्हणत्यात, म्हणून आलो. तू सांग. ठेवू का हिला हितं?"

सर मागून हळूच म्हणाले, "सांग, नांदेड." त्या पोरीनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याकडून काही ऐकायचं होतं असं नाही. आतापर्यंत पुष्कळ माणसांनी पुष्कळ काही सांगितलेलं असावं आणि त्यांची तोंडं बघायची तिला सवय झालेली असावी, तसं ती बघत होती. माझं पाठ केलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

"मला काहीच कळत नाही," मी म्हटलं. "मी त्या दिवशी ओरडले नव्हते. मी आवर्तसारणी म्हणत होते."

गलका झाला. सर माईकमधून म्हणाले, "लेकरू लाजून राहिलंय." मागून कुणीतरी ओरडलं, "सारणी म्हणायला एवढं वरडत्यात व्हय?" मी म्हटलं, "मला गाऊनच येते." "मग गाऊन दाखव की!"

मी मामाकडे बघितलं. त्यानं दोन्ही हातांनी ‘चढव’ अशी खूण केली. मी उभी राहिले, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि हायड्रोजनपासून सुरू केलं. नायट्रोजनला लोकांनी चपला हातात घेतल्या. सोडियमला दाराजवळचे दोघं-तिघं उगाच उभे राहिल्यासारखं करून बाहेर सरकले. आर्गॉनचा ‘आ’ धरला तेव्हा आख्खं शेड वर बघत होतं. पत्रा हलला नाही. वायर हलली नाही. एक पाल तेवढी आडव्या पट्टीवरून इकडची तिकडे गेली. मी कॅल्शियमला पोचून थांबले, आणि मग हसू फुटलं, आधी बायकांच्या बाजूनं आणि मग सगळीकडून. लोक इतके हसले की बाहेर गेलेले, काय झालं म्हणून परत आत आले. खाला डोळे पुसत होत्या. सर माईककडे बघत होते.

पटक्यावाला मात्र हसला नाही. गलका संपेपर्यंत तो उभाच राहिला.

"म्हंजी तुला कळत न्हाई."

"न्हाई," मी म्हटलं.

"अन् सर, तुमाला?"

सरांनी माईक खाली घेतला. माईकशिवाय त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, तो फार बारीक होता. "न्हाई हो," ते म्हणाले. "आम्हालाबी न्हाई कळत."

"मग ठेवतो," तो माणूस म्हणाला. "कळतंय म्हणला असता तर घिऊन चाललो हुतो. तसलं सांगणारे लई यिऊन गेले आमच्याकडं." मग त्यानं मान वळवून शेडकडे नीट बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "एवढ्या लेकरांला एकच दार कामून हाय?"

माझ्यावर सर आठ दिवस चिडून होते, मला शेवटच्या बाकावर बसवलं, नांदेड म्हणून हाकही मारली नाही. पण त्याच आठवड्यात गवंडी आले आणि शेडच्या दुसऱ्या अंगाला दार पाडलं. त्यापुढच्या हँडबिलावर ठळक अक्षरात ‘दोन दारे’ असं छापलं होतं. त्या वर्षी लातूरच्या पुष्कळ क्लासांच्या हँडबिलांवर दारं यायला लागली. एकानं तर चार लिहिली होती. आम्ही मुद्दाम बघायला गेलो, त्यात दोन खिडक्या होत्या.

त्या दोन वेण्यांच्या पोरीचं नाव रुक्मिण. तिचा बाप तिला नव्या दारापाशी बसवून गेला आणि मला म्हणाला, "तू हिच्याजवळ बस." मी बसले ती बारावीपर्यंत. सर सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायचे, तिला मात्र त्यांनी कधी गावाच्या नावानं हाक मारली नाही. तिला ते रुक्मिण म्हणत. पहिले काही दिवस ती बोललीच नाही. मग एका दुपारी वहीवरून मान न उचलता तिनं विचारलं, "त्ये निऑनच्या आधी उडी कशी मारतीस?" मी तिला शिकवलं. तिला सूर म्हणून नव्हता. ती गायला लागली की मामाची इटलीची बाईसुद्धा कॅसेटमधून बाहेर येऊन हात जोडेल असं मामी म्हणायची, पण मामीच तिला दर रविवारी धपाटे खायला बोलवायची आणि जेवण झालं की म्हणायची, "म्हण गं ते तुझं."

बारावीला केमिस्ट्रीच्या पेपरला रुक्मिणचा नंबर माझ्या तीन बाक पुढं होता. मला पुढं मेडिकल काही मिळालं नाही. मी नांदेडला केमिस्ट्री शिकवत राहिले. तिला मिळालं. पण हे तेव्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पेपर हातात पडला, हॉल गप्प झाला, पंखे फिरत होते. थोड्या वेळानं मला तिचा पाय हलताना दिसला. मग मान. मग अगदी हळू, अगदी बेसूर, पण कुठलाही शब्द न गाळता आवाज यायला लागला. सुपरवायझर मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि वाकून म्हणाल्या, "काय चाललंय?"

"कॅल्शियम आलं की थांबते, मॅडम," रुक्मिण म्हणाली.

मॅडम इकडंतिकडं बघत तिथंच उभ्या राहिल्या, कॅल्शियम येईपर्यंत.